मूळची मोटार

लोखंडाचा एक ओतीव ठोकळा, त्याच्या पुढल्या अंगास दोन बोटें रुंदीची सपाट पट्टी, आणि तीवर ठोकून उमटविलेलीं कांहीं अक्षरें व आंकडे. एवढ्यावरून एखाद्या वस्तूची किंमत आभाळास टेकावी किंवा धुळीस मिळावी, आणि तिच्या मालकाची अब्रूहि तिच्याबरोबर वर किंवा खालीं जावी, हें प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटेल. आम्हांसहि तसेंच वाटलें होतें. अमेरिकेंतील जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा, विशेषतः शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट ह्या मोटारीचा, नाद असलेल्या मंडळींचें एक स्वतंत्र जगच आहे. त्यांचे ग्रंथ आहेत, मेळे आहेत, परीक्षक आहेत आणि एक धर्मशास्त्रहि आहे म्हणाना! आम्हीं स्वतः मोटार कधीं बाळगली नाहीं व पुढेंहि बाळगूं असा संभव दिसत नाहीं. तरी त्या शास्त्रांतील वाद वाचीत असतां आमच्या असें ध्यानांत आलें कीं, ही मंडळी गाड्यांविषयीं भांडत असली तरी ज्या प्रश्नाभोंवतीं तें भांडण चाललें आहे तो आपणां सर्वांच्या घरांतला आहे. अमुक वस्तु मूळची आहे असें आपण म्हणतों, तेव्हां नेमकें काय म्हणतों?

आधीं थोडी हकीकत सांगितली पाहिजे. १९५३ सालीं मिशिगन संस्थानांतील फ्लिंट गांवीं पहिल्या ३०० कॉर्व्हेट गाड्या जवळजवळ हातांनींच जुळविण्यांत आल्या. कांचेचे तंतू आणि राळ ह्यांचें कवच. बाहेरून सर्व पांढऱ्या, आंतून सर्व तांबड्या. पुढें हें काम सेंट लुई शहरीं गेलें आणि १९८१ सालीं केंटकी संस्थानांतील बोलिंग ग्रीन येथें. कारखान्यांत प्रत्येक महत्त्वाच्या भागावर कांहींतरी खूण असे. इंजिनाचा ठोकळा ज्या दिवशीं ओतला त्याची तारीख ओतीव लोखंडावरच उमटलेली असे. महिन्यास एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटला अंक. इंजिन जुळून झालें कीं त्या सपाट पट्टीवर कारखाना, महिना, दिवस व इंजिनाची जात सांगणारीं अक्षरें ठोकीत; टी म्हणजे न्यूयॉर्क संस्थानांतील टोनावांडा, एफ म्हणजे फ्लिंट. १९६० च्या सुमारापासून गाडीच्या अनुक्रमांकाचे आंकडेहि तेथेंच ठोकूं लागले, आणि अशा रीतीनें अमुक इंजिन अमुक गाडीचें, ही गांठ लोखंडावर पडली. शिवाय १९६७ पासून पेट्रोलच्या टांकीच्या माथ्यावर एक कागद चिकटवीत. कोणत्या गाडीस कोणते विशेष भाग बसवावयाचे हें जुळणाऱ्या कामकऱ्यांस कळावें, एवढाच त्याचा हेतु; टांकी जागेवर बसली कीं कागदाचें काम संपलें. आज तोच कागद, तेलकट आणि अर्धा कुजलेला कां असेना, सातबाराच्या उताऱ्यासारखा जपला जातो. ज्यानें तो चिकटविला त्याच्या मनांतहि नसेल कीं आपण इतिहास लिहीत आहों.

आतां अडचण येते ती अशी. गाडी शर्यतींत उतरली, इंजिन फुटलें, मालकानें दुसरें घातलें. किंवा इंजिन तेंच राहिलें, पण दुरुस्तींत ठोकळ्याचा माथा घासून सपाट करावा लागला आणि त्याबरोबर आंकडेहि गेले. त्या काळीं त्याचें कोणास सुखदुःख नव्हतें; गाडी पळाली म्हणजे झालें. तीसचाळीस वर्षांनीं तीच गाडी मोलाची ठरते, आणि मग कोणी एक कुशल कारागीर त्याच जातीचा, त्याच महिन्यांत ओतलेला दुसरा ठोकळा शोधून काढतो व त्यावर हवे ते आंकडे ठोकून देतो. इतकेंच नव्हे, तर मूळच्या कारखान्यांत तो पृष्ठभाग कापला जातांना जे केंसासारखे बारीक समांतर ओरखडे राहात, तेहि तो हुबेहूब उठवितो. कारण परीक्षक प्रथम भिंगानें ते ओरखडेच पाहतो.

ह्या माणसानें नेमकें काय पाप केलें? त्याच्या बाजूनें बोलणारे लोक आहेत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. ठोकळा त्याच कारखान्याचा, त्याच सांच्यांतला, त्याच अश्वशक्तीचा. चालविणारास रतिमात्र फरक कळणार नाहीं. घेणारास जें पाहिजे तें सर्व मिळालें. मग फसवणूक कोठें आहे? मिलिंदप्रश्न ह्या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन मिलिंद राजास विचारतो कीं, तूं रथांत बसून आलास तर मग रथ कोणता तें दाखव. आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, कीं जूं म्हणजे रथ? राजास प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें, आणि रथ हें त्या सर्व अवयवांवर अवलंबून असलेलें एक व्यवहाराचें नांव आहे असें ठरतें. रथाची ही दशा, तर मोटारीनें काय म्हणून मिजास करावी?

आमच्या घरीं भिंतीवरचें एक जुनें घड्याळ आहे, तें आजोबांनीं घेतलेलें. कांहीं वर्षांपूर्वीं तें बंद पडलें म्हणून दुरुस्तीस दिलें. परत आलें तें उत्तम चालूं लागलें. पूर्वीं रोज चार मिनिटें मागें पडे, तेंहि थांबलें. पुढें एकदां दुसऱ्या कामासाठीं मागचें झांकण उघडलें, तेव्हां कळलें कीं दुरुस्त करणारानें आंतलें सगळें यंत्रच बदललें होतें व आम्हांस सांगितलें नव्हतें. घड्याळ पूर्वींपेक्षां चांगलें झालें होतें. पैसे वाजवी घेतले होते. तरी घरांतील सर्व माणसांस कांहींतरी चोरीस गेल्यासारखें झालें. आत्याबाई तर दोन दिवस त्याच्याकडे पाहीनात. नागसेनाचें प्रमाण त्यांच्यापुढें ठेवण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

काय गेलें होतें, ह्याचा विचार करतां करतां आम्हांस त्या आंकड्यांचें मर्म कळलें असें वाटतें. आंकडे इंजिनाच्या गुणांचें वर्णन करीत नाहींत. अमुक महिन्यांत, अमुक दिवशीं, अमुक गांवीं हें यंत्र जुळलें, आणि पुढें कांहीं दिवसांनीं दुसऱ्या गांवीं ह्याच गाडींत बसलें, अशी एका घडलेल्या गोष्टीची ती साक्ष आहे. मागून आंकडे ठोकणारा लोखंडाविषयीं खोटें बोलत नाहीं. एका दिवसाविषयीं खोटें बोलतो. आणि लोखंड पुन्हां ओततां येतें, तसा तो दिवस ओततां येत नाहीं. गुणानें तंतोतंत सारख्या दोन वस्तु असूं शकतील, त्यांतली एक मात्र त्या ठिकाणीं होती व दुसरी नव्हती. नागसेनानें रथ कशाचा बनला हें विचारलें. तो कोठून आला हें त्यानें विचारलें नाहीं. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याचें उत्तर एकच असूं शकतें.

येथवर सोपें आहे. परंतु ह्या मंडळींच्या शास्त्रांत एक प्रकरण असें आहे कीं तेथें आमचाहि निश्चय डळमळूं लागतो. १९७४ सालीं स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी नांवाची एक संस्था आहे. तिचे परीक्षक जुन्या गाड्यांस गुण देतात, आणि त्यांची कसोटी गाडी सुंदर आहे कीं नाहीं ही नसून ती कारखान्यांतून जशी बाहेर पडली तशी आहे कीं नाहीं, ही आहे. कारखान्याचा रंग थोडा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असे. कोणी हौशी मालकानें तो आरशासारखा गुळगुळीत केला, तर त्याचे गुण कापले जातात. प्रथम ऐकतांना हंसूं येतें, पण ह्यांत एक नम्रता आहे. वस्तूपेक्षां आपली हौस मोठी मानूं नये असा तो दंडक आहे. मात्र ह्याच न्यायानें पुढें जाऊन, तपासनीस कामकरी बोल्ट घट्ट आवळले आहेत हें पाहून खडूनें किंवा रंगाच्या ठिपक्यानें ज्या खुणा करीत, त्याहि आज नव्यानें काढल्या जातात. ज्यानें कांहींच तपासलें नाहीं त्यानें तपासल्याची खूण करावयाची! ही सजावट म्हणावी, कीं दुसऱ्याची सही?

नाटकांत शिवाजी होणारा नट लबाड नव्हे, कारण तिकीट काढणारास तें नाटक आहे हें ठाऊक असतें. खडूच्या खुणांचेंहि तसेंच असें आम्ही म्हणालों असतों. पण नाटकाचा पडदा पडतो, आणि गाडी मात्र विकली जाते. ज्यानें हौसेनें खुणा काढल्या त्यानें घेणारास सगळें मोकळेपणानें सांगितलें असेल. त्या दुसऱ्यानें तिसऱ्यास अर्धें सांगितलें. चौथ्याच्या हातीं ती खूण पुरावा होऊन बसली. ह्या सांखळींत कोणीहि खोटें बोललेला नाहीं, आणि शेवटीं एक खोटी गोष्ट मात्र खरी म्हणून उभी आहे. मागून ठोकलेल्या आंकड्यांविषयीं मालकांत व जाणत्यांत जे कडाक्याचे वाद होतात त्यांचें मूळ आम्हांस येथें दिसतें. नक्कल करणें हा अपराध नव्हे. नकलेबरोबर तिची हकीकत न पाठविणें हा मात्र आहे, आणि तो बहुधा आळसानें घडतो. आमच्या घड्याळाच्या झांकणाच्या आंत आम्हीं एक चिठी चिकटविली आहे: यंत्र नवें, खोकें व लंबक आजोबांच्या वेळचे. आत्याबाईंस तीहि आवडलेली नाहीं.

विशेष आवृत्त्यांचा विचार ह्याच्याच शेजारीं करण्यासारखा आहे. १९६७ सालीं कंपनीनें एल-८८ नांवाचें एक दांडगें इंजिन काढलें. तें शर्यतींसाठीं होतें, म्हणून हौशे लोक त्याच्या वाटेस जाऊं नयेत अशी तजवीज केली. रेडिओ नाहीं, हिंवाळ्यांत ऊब देणारें यंत्र नाहीं, आणि शक्ति मुद्दाम कमी, म्हणजे ४३० अश्वशक्ति, जाहीर केली. वस्तुतः ती ५०० च्याहि वर होती. त्या वर्षीं अशा अवघ्या २० गाड्या निघाल्या. त्या झिजून, फुटून, वापरून संपाव्यात ह्यासाठींच केलेल्या होत्या. २०१४ च्या जानेवारींत ॲरिझोनांतील स्कॉट्सडेल येथील लिलांवांत त्यांतली एक ३८,५०,००० डॉलरांस गेली.

ह्याच्या उलट १९७८ चें उदाहरण पाहा. त्या वर्षीं कॉर्व्हेटला पंचवीस वर्षें झालीं, आणि इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत अग्रेसर गाडीचा मान तिला प्रथमच मिळाला. त्या निमित्तानें काळ्या व रुपेरी रंगाची खास आवृत्ति निघाली. साध्या गाडीची किंमत ९,३५१ डॉलर, हिची १३,६५३. शर्यतीचीं अक्षरें सुटीं दिलेलीं, मालकाची इच्छा असल्यास चिकटवावींत. लोकांनीं ती घेण्यासाठीं झुंबड केली, भावापेक्षां पुष्कळ अधिक पैसे मोजले, आणि अनेकांनीं ती न चालवितां झांकून ठेवली. परंतु कारखान्यानें ६,५०२ गाड्या काढल्या होत्या, आणि जें सर्वांनींच जपून ठेवलें तें दुर्मिळ कसें होणार? तिच्यांत खोटें कांहींच नाहीं. आंकडे जुळतात, रंग मूळचा आहे, क्वचित् आसनांवरचें आवरणहि निघालेलें नसतें. पण आम्हांस तिची कींव येते. साक्ष देण्यासारखें तिच्या आयुष्यांत कांहीं घडूंच दिलें नाहीं. स्मारक आधीं बांधलें, आणि जगावयाचें राहूनच गेलें.

१२ फेब्रुवारी २०१४ रोजीं पहांटे बोलिंग ग्रीन येथील कॉर्व्हेट संग्रहालयाच्या एका दालनाखालची जमीन एकाएकीं खचली. तो सगळा प्रदेश चुनखडीचा, खालीं गुहाच गुहा. सुमारें ४० फूट रुंदीचें विवर पडून आठ गाड्या आंत गेल्या; सुदैवानें माणूस एकहि नव्हतें. आधीं आठहि दुरुस्त करण्याचा बेत होता. गाड्या वर काढल्यावर त्याच वर्षीं संग्रहालयाच्या चालकांनीं ठरविलें कीं तीनच दुरुस्त कराव्या व पांच जशा चिरडल्या तशाच ठेवाव्या. त्या पांचांत मूळचें इतकें थोडें शिल्लक होतें कीं दुरुस्ती म्हणजे नवी प्रतिकृतीच झाली असती. त्यांचें चिरडलें जाणें हाच आतां त्यांच्या चरित्राचा भाग होता. हा निर्णय आम्हांस फार मोठ्या समजुतीचा वाटतो.

दुरुस्त झालेल्या तिघींत १९९२ सालची दहालक्षावी कॉर्व्हेट होती, पहिल्या ३०० गाड्यांसारखीच बाहेरून पांढरी, आंतून तांबडी. ती तयार होत असतां कारखान्यांतील कामकऱ्यांनीं तिच्या भागांवर आपापल्या सह्या केल्या होत्या. वर आच्छादन बसल्यावर त्या कोणास दिसावयाच्या नव्हत्या. दुरुस्ती करणारांनीं सही असलेला प्रत्येक तुकडा वाचविण्याची शिकस्त केली. जे भाग खरोखरच कामांतून गेले होते त्यांवरच्या सह्यांची मात्र हुबेहूब नक्कल करून ती नव्या भागांवर लावली, आणि तसें जाहीरपणें सांगितलें. आमच्या वरच्या सगळ्या विवेचनाप्रमाणें ह्यांत वावगें कांहीं नाहीं. तरी ज्या कामकऱ्याची सही अशा रीतीनें दुसऱ्या पत्र्यावर गेली, तो एखादे दिवशीं नातवाचा हात धरून त्या संग्रहालयांत आला, तर त्या गाडीकडे बोट दाखवून तो काय सांगेल, ह्याचें उत्तर आम्हांस अजून सुचलेलें नाहीं.