जुलैतली वीज

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. मुळा-नीला संगमावर टाटांचं धरण होणार होतं, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे मावळ्यांसोबत उभे राहिले होते. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. भांडण जमिनीचं होतं. वीज मुंबईच्या गिरण्यांची, हे जणू गृहीतच होतं. या धरणाच्या पाण्यावर १९२७ साली भिऱ्याचं वीजगृह सुरू झालं. सह्याद्रीचं पाणी कोकणात उतरलं आणि त्याचा उजेड घाटाखाली गेला.

विजेवर डोंगरातल्या माणसाचाही हक्क आहे, हा विचार पुढे फार सावकाश रुजला. तो कसा वाढला ते सरकारी मोजणीतून कळतं. १९९७ पर्यंत गावाच्या हद्दीत कशासाठीही वीज वापरली गेली, की गाव विद्युतीकृत ठरे. २००४ पासून निदान दहा टक्के घरांत दिवा हवा, असं ठरलं. २०१७ च्या सौभाग्य योजनेत प्रत्येक घर मोजलं जाऊ लागलं. गावावरून घरावर येणं ही मला मोठी वाटचाल वाटते.

पण आदिवासी कातकऱ्याचं घर या मोजणीत नीट बसत नाही. वाडी गावठाणाबाहेर, पायाखालची जमीन पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर. दिवाळी सरली की कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर निघतं, ते पावसाच्या तोंडावर परततं. घराला कुलूप असलं तरी बिलातला स्थिर आकार चढतच राहतो. आल्यावर हातात थकबाकी पडते आणि मग मीटर जातं. परवडणारी वीज म्हणजे नुसता युनिटचा स्वस्त दर नव्हे; कामासाठी सहा-सहा महिने बाहेर राहणाऱ्या घराला पेलेल असं बिल हवं.

वरसगावच्या जलाशयाकाठी, दासवे-मुगावच्या परिसरात लवासा हे गिरिनगर उभं राहिलं, तेव्हाही मुळशीसारखाच पहिला वाद जमिनींचा, आदिवासींच्या जमिनींचा झाला. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं. जुलै २०२४ मध्ये तिथल्या बंगल्यांवर दरड आली. त्याच्या आदल्या वर्षी, १९ जुलैच्या रात्री, इर्शाळवाडीतली ठाकर आदिवासींची घरं दरडीखाली गाडली गेली होती.

अशा रात्री वाडीवर वीज असणं हा जिवाचा प्रश्न असतो. म्हणून आता घरांनंतर विजेचे तास मोजायला हवेत, तेही जुलैतले. झाड पडून तार तुटते ती याच दिवसांत, आणि सौर पाट्याही ढगांखाली मंदावतात. मोठी बॅटरी दिली नाही, तर सौरदिवा नेमका गरजेच्या रात्री विझतो. ओढे मात्र तेव्हाच दुथडी भरून वाहतात. ज्या उतारामुळे भिऱ्याला वीजगृह झालं, त्याच उतारावरच्या वाडीला ओढ्यावरचं छोटं जनित्र का मिळू नये? चार दिवे, शाळेतला एक पंखा, आणि रात्री डोंगर हलला तर खालच्या गावाला हाक देता येईल एवढा चार्ज असलेला मोबाइल. पावसाळ्याआधी इतकं तरी वाडीवर पोचायला हवं.