राखणदाराची राखण

रात्री शेतावर जागलीस माणूस ठेवला म्हणजे आपली चिंता सरली, असे वऱ्हाडातील कोणताही अनुभवी शेतकरी म्हणणार नाही. राखणदार जागा आहे की नाही हे पाहण्यास त्यास धुऱ्यावरून फेरी घालावीच लागते. राज्याने मुलांसाठी नेमलेल्या राखणदाराविषयीही हाच प्रश्न उपस्थित होतो.

२००५ च्या अधिनियमान्वये केंद्रात व राज्यांत बालहक्क संरक्षण आयोगांची योजना झाली. महाराष्ट्राचा आयोग २००७ साली अस्तित्वात आला. चौकशीच्या कामी त्यास दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. परंतु चौकशीअंती तो शिफारस करू शकतो किंवा न्यायालयाकडे दाद मागू शकतो, स्वतः हुकूम सोडू शकत नाही. मग शिफारशीस बळ कोठून यावे? २३ व्या कलमाने ते विधिमंडळाकडून अपेक्षिले आहे. आयोगाचा अहवाल सरकारने सभागृहांपुढे ठेवावा, त्यावर काय केले ते सांगावे, आणि न स्वीकारलेल्या शिफारशींची कारणे द्यावीत. शिफारस नाकारण्याचा अधिकार सरकारला आहे. मुकाट्याने नाकारण्याचा नाही.

यावर कोणी म्हणेल, आयोग स्वतंत्र हवा, तर लोकप्रतिनिधींनी त्यास जाब का विचारावा? येथे विवेक केला पाहिजे. निर्णय कोणता द्यावा हे सांगणे हा हस्तक्षेप होय. काम झाले काय, हे विचारणे ही देखरेख होय. आयोगाचा अध्यक्ष व सहा सदस्य सरकारच नेमते, आणि सरकारच्याच अंगणवाड्या, आश्रमशाळा व रुग्णालये आयोगाने तपासावयाची असतात. अशा स्थितीत देखरेखही सरकारवरच सोडली, तर कुंपणानेच शेत खाल्ल्याची तक्रार कुंपणाकडे करण्यासारखे होईल.

तथापि खरी अडचण याहून खोल आहे. प्रतिनिधी मतदारास भितो, आणि मुलास मत नाही. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांतील बालमृत्यू १९९३ पासून साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहेत. त्यांविषयी सभागृहांत प्रश्न झाले, उच्च न्यायालयात अर्ज झाले. परंतु मेलेल्या बालकाचा आकडा सभागृहात पोहोचतो. जिवंत पण अर्धपोटी बालक पोहोचत नाही. शिवाय मेळघाटातील काही गावे उठवून अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हाऱ्याकडे वसविली गेली. जिल्हा बदलला की जबाबदारी एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाते, आणि मूल मात्र दोहोंच्या मध्ये राहते.

ज्याच्याकडून बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही, त्याच्याविषयी पाळलेले कर्तव्य हीच कर्तव्यबुद्धीची कसोटी होय. म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अमरावती-अकोल्याच्या प्रतिनिधींनी एवढेच विचारावे : आयोगाचा अहवाल कोठे आहे, आणि नकाराची कारणे कोठे आहेत? ते विचारीत नसतील, तर ज्यांस मत आहे त्या आपण त्यांस विचारावे. आजचे मूल अठराव्या वर्षी मतदार होईल हे खरे. परंतु दुसऱ्या वर्षी चुकलेला घास अठराव्या वर्षी कोणासही भरून देता येत नाही.