‘हरवलं’ म्हणताना

वडिलांचं शाईचं पेन माझ्या हातून तीनदा गेलं. पहिल्यांदा ते बँकेच्या काउंटरवर राहिलं. दुपारी धावत गेलो तर शिपायाने जपून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा एसटीत शेजाऱ्याला सहीसाठी दिलं. तो उतरता उतरता आठवणीने देऊन गेला. तिसऱ्यांदा ते कुठे राहिलं, हेही मला सांगता येत नाही. आई विचारायला लागली तेव्हा म्हणालो, ‘पेन हरवलं.’ फार सोयीचं वाक्य आहे हे. त्यात कर्ता पेन. ज्याच्या खिशातून ते गेलं तो वाक्यात कुठेच नाही.

आपल्या चित्रपटांच्या इतिहासात हेच वाक्य जागोजागी भेटतं, आणि तिथे ते मला सोसत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. आज त्यांतले तीसेक उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं आहेत, ती १९१३ची की दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याची एकही प्रत नाही.

दोष नायट्रेट फिल्मला दिला जातो. ती नाजूक होती हे खरंच. तिला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो, त्यामुळे पेटली की पाण्याखालीही विझत नाही. अमेरिकेतलेही बहुसंख्य मूकपट गेलेच. पण नायट्रेट सगळंच एका रात्रीत जात नाही. आधी चित्र फिकट होतं, मग रीळ चिकट होतं, त्यावर फोड येतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. याला वर्षं लागतात. म्हणजे त्या वर्षांत कुणीतरी डबा उघडून पाहिला असणार, वास घेतला असणार आणि झाकण पुन्हा लावून टाकलं असणार. एकदा नव्हे, अनेकदा. आणि पुष्कळ फिल्म तर कुजायचीही वाट न पाहता विकली गेली. तिच्यावरच्या थरात चांदी असते. ती धुऊन काढायची आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या करायच्या, असा तो धंदा होता.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव डबे शोधायला सुरुवात केली. ‘आलम आरा’साठी ते त्याचे दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांना भेटले. काही रिळं कुठेतरी पडली असतील, असं म्हातारबुवा म्हणाले. त्यांच्या मुलाने नंतर नायरांना खरं काय ते सांगितलं: चांदीसाठी ती केव्हाच निकालात काढली होती. याला मी हरवणं म्हणणार नाही.

पण माझा खरा सल पुढचा आहे. फाळके यांच्या कुटुंबीयांकडून आणि इतर अनेक ठिकाणांहून नायरांनी जे मिळवलं, ते आपल्याला परत मिळालेलं होतं. शिपायाने जपून ठेवलेल्या पेनासारखं. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, संग्रहालयाच्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि तिथली मूळ रिळं जळाली. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर काढलेल्या होत्या म्हणून ते आज पाहता तरी येतात. पण प्रत म्हणजे मूळ नव्हे. मूळ असतं तर आजच्या यंत्रांनी त्यातून कितीतरी अधिक चित्र काढून घेता आलं असतं. वस्तू परत मिळाली की आपण जास्त जपू, असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. दोनदा परत आलेल्या पेनाने मला एवढंच शिकवलं होतं की ते परत येतं.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५चा. तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकरी झाला होता. तो मूकपटही आता नाही. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी तो पाहिला होता. अनेक वर्षांनी त्यातली अंधुक उजेडातली उदास झोपडी त्यांना आठवत होती, आणि कुत्र्याचं रडणंही. चित्रपटाला आवाज नव्हता, तरी ते रडणं त्यांच्या कानात राहिलं होतं. वाडिया १९८६ साली गेले.