रंग मुरू दे

प्रिय चिन्मय,


तुझा मेसेज मिळाला. डिस्क गॉल्फच्या डिस्क घरीच रंगवायचं ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. पण ‘आत्या, ब्रश कुठला घेऊ?’ हा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. ब्रश घेऊ नकोस, स्प्रेचा डबाही आणू नकोस. डिस्कवर रंग लावायचा नसतो, तो आत मुरवायचा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की प्लास्टिक कुठलं, रंग कुठला, किती वेळ ठेवायचं, या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुझी तुलाच मिळतील.

डिस्क पहिल्या झाडावर आपटली की वर बसलेल्या रंगाचे पापुद्रे निघून जातात. शिवाय त्याला जाडी असते. पीडीजीए या खेळाच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे हाताला जाणवेल इतक्या जाडीचा रंग दिलेली डिस्क स्पर्धेत चालत नाही. शार्लटसारख्या या खेळाच्या गावात राहतोस, आज ना उद्या स्पर्धेत उतरशीलच. मुरलेल्या रंगाला जाडी नसते, त्यामुळे तो नियमात बसतो.

आता रंग कुठला, यासाठी माझ्या दादाला फोन कर. इचलकरंजीत त्याची हयात कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये गेली. पॉलिस्टरला कुठला रंग लागतो हे तो झोपेतूनही सांगेल. डिस्पर्स रंग. सुती कापडाचे रंग पाण्यात विरघळतात आणि धाग्याला धरतात. पॉलिस्टर पाण्याला जवळ करत नाही, आणि डिस्कचं प्लास्टिकही नाही. डिस्पर्स रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपात पसरून राहतात आणि उष्णतेनं धागा सैल झाला की त्यात शिरतात. कारखान्यात त्यासाठी दाबाखाली 130 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. डिस्कला एवढी उष्णता दिली तर ती वाकडी होऊन बसेल. मग आपल्या हाती दोनच गोष्टी उरतात, प्लास्टिकचा पृष्ठभाग सैल करणारा थोडा ॲसिटोन आणि भरपूर वेळ. मेंदी जशी रात्रभर हातावर राहिली आणि हात उबदार असला तर गडद रंगते, तसंच इथे आहे. घाईनं धुतलीस तर फिकट निघेल.

म्हणूनच डिस्कची निवड सगळ्यात महत्त्वाची. दुकानात सगळ्यात स्वस्त मिळते ती इनोव्हाची डीएक्स किंवा डिस्क्राफ्टची प्रो-डी. या प्लास्टिकवर रंग नीट चढत नाही, आणि ॲसिटोन लागला तर पृष्ठभाग खराब होतो. याच कंपन्यांची स्टार, चॅम्पियन, ईएसपी, झेड ही महागडी प्लास्टिकं रंग छान घेतात. पहिल्या खेपेला पांढरी स्टार किंवा पांढरी ईएसपी घे. पांढरीच का, तर हे रंग पारदर्शक असतात. पिवळ्या डिस्कवर निळा दिलास तर हिरवा दिसेल, आणि पांढरा रंग म्हणून कुठे विकतच मिळत नाही. जिथे पांढरं हवं तिथे रंग जाऊ द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

रंगासाठी जॅकार्डचा आयडाय पॉली घे. पाकिटावर ‘पॉली’ आहे ना, हे पाहून घे. त्याच कंपनीचा सुती-रेशमी कापडाचा साधा आयडाय शेजारीच ठेवलेला असतो आणि तो काही उपयोगाचा नाही. प्रोकेमिकलचे डिस्पर्स रंगही उत्तम आहेत. सुरुवातीला दोनच रंग घे, निळा आणि गुलाबी, म्हणजे मधे कुठे मिसळले तर सुंदर जांभळा होतो. पिवळा आणि जांभळा एकमेकांत गेले की मातकट तपकिरी उरतो.

ॲसिटोनबद्दल मी जरा कडकपणे सांगणार आहे. त्याची वाफ चटकन पेट घेते, हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंतही पोचते. तो 56 अंशांनाच उकळतो, त्यामुळे ॲसिटोन घातलेला रंग शेगडीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीही तापवायचा नाही. काम बाल्कनीत कर. पातळ नायट्राइल हातमोज्यांतून ॲसिटोन लवकर आत झिरपतो, म्हणून मोजे ओले झाले की बदल. कोरडी पूड मोजताना मास्क लाव. आणि रंगाला वापरलेलं भांडं, चमचा, गाळणं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही, कितीही घासलं तरी. डॉलर स्टोअरमधून वेगळं घे.

आधी डिस्क भांड्यांच्या साबणानं धुऊन पूर्ण वाळव. हाताचं तेल लागलं असेल तिथे रंग फिका पडतो. मग स्टॅम्प. डिस्कवरचा तो चकचकीत छाप कापसाला थोडा ॲसिटोन लावून भराभर पुसायचा, कापूस बदलत राहायचा, नाहीतर सुटलेली चमकी पुन्हा पसरते. छाप तसाच ठेवलास तर त्याच्याखाली रंग शिरत नाही. काही जण मुद्दाम छापावरून रंगवतात आणि नंतर छाप पुसतात, मग त्याच अक्षरांचा पांढरा ठसा उरतो. ते पुढे कधीतरी कर.

पहिली डिस्क शेव्हिंग फोमवरच कर. जेल नको, साधा पांढरा फेस. डिस्क साधारण 21 सेंटिमीटर रुंद असते, तेव्हा 9 इंची केकचं गोल भांडं अगदी बेताचं बसतं. त्यात दोन बोटं जाड फेस पसरून वरून सपाट कर. रंगाची पूड थोड्याशा गरम पाण्यात घोळ, कॉफीच्या फिल्टरमधून गाळ, कारण न घोळलेला कण राहिला तर तिथे गडद ठिपका उमटतो. निवल्यावर त्यात थोडा ॲसिटोन घाल. जास्त घातलास तर फेस विरायला लागतो. ड्रॉपरनं फेसावर थेंब टाक, मग काडीनं हलकेच रेघा ओढ. इथे हात आवर. दोन-तीनदा काडी फिरवली की नक्षी दिसते, दहादा फिरवली की सगळं एकच होऊन जातं. नक्षी डिस्कवर उलटी उमटते हे लक्षात ठेव, अक्षरं काढणार असशील तर आरशातल्यासारखी काढ.

आता डिस्क पालथी, वरची बाजू खाली करून ठेवायची. फुगीर माथ्याची असेल तर मधोमध आधी टेकते आणि हवा कडेनं निघून जाते. सपाट माथ्याची असेल तर एक कड आधी टेकव आणि हळूहळू खाली आण, नाहीतर मधे हवा अडकून पांढरा डाग राहतो. हलकेच दाब, पण फेस आतल्या कडेवर चढेल इतकं दाबू नकोस. एकदा ठेवली की उचलून पाहायची नाही. पूर्ण 24 तास. तुमच्याकडे उन्हाळ्यात बाल्कनीतली ऊबच पुरेल. आमच्या मिनेसोटात हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवलेल्या डिस्कवर रंग धरतच नाही. मी घरात, ज्योतीपासून दूर, उबदार जागी ठेवते.

उचलशील तेव्हा खाली काळपट, बसलेला चिखल दिसेल आणि वाटेल सगळं वाया गेलं. घाबरू नकोस. आधी कागदानं फेस निपटून काढ, मग गार पाण्याखाली साबण आणि मऊ स्पंजनं धू. सुरुवातीला नुसतं गढूळ पाणी वाहतं, मग एका क्षणी निळ्याची कड स्वच्छ होते आणि तिच्या आत केसाएवढ्या बारीक गुलाबी रेषा दिसायला लागतात, ज्या तू काढलेल्याही नसतात. फेसाच्या बुडबुड्यांनी त्या काढलेल्या असतात. इतक्या वर्षांनंतरही तो क्षण मला तितकाच आवडतो.

डिस्कवर चिकटवलेलं विनाइल कापून चित्र काढणं पुढच्या टप्प्याला ठेव. एकच सांगते, त्यात सगळ्यात गडद भाग आधी उघडा करून रंगवायचा आणि मग फिकटाकडे जायचं. काळ्यावर नंतर पिवळा चढला तरी काळ्याला काही होत नाही, उलट केलंस तर पिवळा गेलाच म्हणून समज.

रंग आत शिरतो तसा आतल्या आत सरकतोही. उन्हात तापलेल्या गाडीत डिस्क पडून राहिल्या की महिन्यांनी रेषांच्या कडा धूसर होतात. ताजी रंगवलेली डिस्क दुसऱ्या पांढऱ्या डिस्कला लावून ठेवलीस तर तिच्यावरही डाग जाऊ शकतो. काही दिवस वेगळी ठेव.

प्लास्टिकमध्ये काही कायमचं मिसळण्यावरून एक गोष्ट सांगायची राहिली. या खेळात डिस्क जिच्यात टाकतात ती बास्केट बनवणारे एड हेड्रिक 2002 साली गेले. त्यांच्याच इच्छेनं त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून स्मरणार्थ डिस्क बनवल्या गेल्या. आपल्याला रक्षा नदीत सोडायची सवय, म्हणून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गप्पच झाले होते. आता मला त्यात फार जिव्हाळा दिसतो.

नक्षी ठरवताना ती डिस्क कुठे पडणार आहे याचाही विचार कर. शार्लटचे बरेचसे कोर्स झाडीतले आहेत. पानगळीत लाल-तपकिरी डिस्क पानांखाली अशी हरवते की चौघांना शोधावी लागते. निळा आणि गडद गुलाबी पानांत उठून दिसतात. म्हणून निम्मी डिस्क तरी भडक राहू दे, नक्षी कितीही नाजूक असली तरी. आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर पक्क्या मार्करनं लिही. लोक खरोखर फोन करून परत देतात.

रंग मागवण्याआधी मला कळव. निळ्याची पाकिटं माझ्याकडे पडून आहेत आणि एका डिस्कला चिमूटभरच लागतो, मी पाठवते. गुलाबी तेवढा तू घे.

तुझी,
सुषमाआत्या