शंभरांतलें एक

शास्त्रपाठ : लूक १५:३–७



प्रभूनें सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला आपणां सर्वांस पाठ आहे. मेंढपाळ रानांत गेला, मेंढरूं त्यास सांपडलें, त्यानें तें खांद्यावर घेतलें व घरीं येऊन शेजाऱ्यांस आनंद करावयास बोलाविलें, हें आपण आपल्या मुलांस सांगतों. परंतु या सर्वांच्या आधीं एक गोष्ट घडली असली पाहिजे. तिच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. त्या मेंढपाळानें आपलीं मेंढरें मोजलीं होतीं. मोजलीं नसतीं तर शंभर व नव्याण्णव यांतील भेद त्यास कळला नसता, आणि तो त्या रात्रीं सुखानें झोंपीं गेला असता.

आपल्या देशांतील हरवलेल्या माणसांचे आंकडे पाहतांना आम्हांस हाच दाखला आठवला. सन २०२३ च्या जुलै महिन्यांत सरकारनें संसदेपुढें जी माहिती ठेविली, तीवरून २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशांत १३ लाखांहून अधिक स्त्रिया व मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली. आपल्या महाराष्ट्रांत १,७८,४०० स्त्रिया व १३,०३३ मुली. शेजारच्या मध्यप्रदेशांत १,६०,१८० स्त्रिया व ३८,२३४ मुली. दिल्लींत ६१,०५४ स्त्रिया व २२,९१९ मुली. २०११ च्या खानेसुमारीशीं हे आंकडे ताडून पाहिले, तर दर लाख लोकवस्तीमागें महाराष्ट्रांत सुमारें १७०, मध्यप्रदेशांत सुमारें २७३ व दिल्लींत सुमारें ५०० असें प्रमाण पडतें. यांतील पुष्कळ जणी पुढें सांपडल्या, हेंही खरें. तरी एकाच देशांत एवढा भेद कां असावा?

याचें एक कारण लोकांच्या परिस्थितींत आहे. दारिद्र्य माणसांस घराबाहेर काढतें आणि मोठीं शहरें त्यांस ओढून घेतात. आम्ही सदर भागांत राहतों. मुंबईहून हावड्यास व दिल्लीहून चेन्नईस जाणारे लोहमार्ग याच नागपुरांत एकमेकांस मिळतात. गडचिरोली व चंद्रपूरकडील मजूर मिरची तोडावयास तेलंगणांत जातात. जेथें जाणें येणें फार, तेथें वाट चुकणेंही फार, व भुलविणारेही फार.

परंतु दुसरें कारण नोंदींत आहे. आंकडा दोन रीतींनीं लहान होतो : हरविणारे थोडे असले म्हणजे, किंवा मोजणारे थोडे असले म्हणजे. शहरांत पोलीस ठाणें जवळ असतें. रानांतल्या पाड्यावरून तेथें जावयाचें तर एका दिवसाची मजुरी बुडते. आणि घरांतली मुलगी गेली असें बोलावयास जीभ उचलत नाहीं. म्हणून ज्या गांवाच्या नांवापुढें शून्य लिहिलें आहे, तेथें कोणी हरविलें नाहीं असें समजूं नका.

येथें आम्ही आमचाच अपराध सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील मंडळीच्या भेटीस गेलों असतां उपासनेंत एक मुलगी दिसली नाहीं. तिची आई म्हणाली, “पाळकसाहेब, ती मामाकडे गेली आहे.” आम्हीं हजेरींत नांवापुढें ‘गैरहजर’ असें लिहिलें व पुढच्या गांवीं गेलों. दुसऱ्या भेटींतही तेंच उत्तर मिळालें व आम्हींही तेंच लिहिलें. तिसऱ्या वेळीं त्या माउलीस रडूं कोसळलें. मुलगी मामाकडे गेलीच नव्हती. काम देतें म्हणून एका परक्या बाईनें तिला नेलें होतें. धाकट्या बहिणींचीं लग्नें कशीं होतील, या भीतीनें घरच्यांनीं वर्दी दिली नव्हती. तोंवर आठ महिने लोटले होते. सरकारच्या आंकड्यांत ती नव्हती, आणि आमच्या वहींत ती केवळ गैरहजर होती. त्याच दिवशीं तिच्या आईबरोबर आम्ही ठाण्यावर गेलों. ती अद्याप परत आलेली नाहीं. आई भ्याली होती. पण मेंढपाळ म्हणविणारे आम्ही तर निष्काळजी होतों.

सन १८४५ मध्यें नागपुरांत मिशनचें काम आरंभणारे स्टीफन हिस्लॉप ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परत येत असतां पुरानें फुगलेल्या ओढ्यांत बुडाले. घोडा मात्र स्वाराविना परत आला. रिकामें खोगीर पाहतांच लोक शोधावयास निघाले. ते जिवंत हातीं लागले नाहींत, तरी त्यांची वाट पाहणारें कोणी होतें म्हणून तो शोध झाला. बंधूंनो, आपल्या मंडळींत कोणाची जागा रिकामी दिसली, तर तेंही रिकामें खोगीरच समजा.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. कामासाठीं गांव सोडणाऱ्याचें नांव, मुकादमाचें नांव, कामाचें ठिकाण, फोनचा आंकडा व परतण्याची तारीख एका वहींत लिहून ठेवा. तारीख टळली कीं चौकशी करा. ठावठिकाणा न लागल्यास त्याच दिवशीं घरच्यांबरोबर ठाण्यावर जा. चोवीस तास थांबावें असा कायदा नाहीं. मूल हरविलें तर गुन्हा नोंदविलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ता. १० मे २०१३ पासून आहे. मुलांसाठीं १०९८ व इतर तातडीस ११२ हे क्रमांक मंडळींत सर्वांस पाठ असूं द्या.

आणि बहिणींनो, कोणाच्या घरीं असें दुःख आलें तर “कोणाबरोबर गेली?” असें विचारूं नका, “आम्ही काय करूं?” असें विचारा. सज्ञान स्त्री आपल्या इच्छेनें गेली असेल, तर ती सुखरूप आहे एवढें कळणेंही देवाची कृपाच होय. मेंढपाळानें सांपडलेल्या मेंढरास काठी मारली नाहीं. त्यानें त्यास खांद्यावर घेतलें.

आपला प्रभु आपणां प्रत्येकास नांवानें ओळखतो. त्याच्या गणनेंतून कोणी सुटत नाहीं. आपल्या गणनेंतूनही कोणी सुटूं नये, अशी बुद्धि तो आपणांस देवो. आमेन.