घाबरवायचं तुम्ही, आणि भित्रा तो?

बसू नका. शेवटच्या दोन बाकांनी तर मुळीच नाही. तो खडू आणायला ऑफिसात गेलाय, मीच पाठवलंय. तो येईपर्यंत निमूट ऐकायचं.

'बाई, तो घाबरतो म्हणून अडखळतो.' कुणी सांगितलं रे तुला? बोलणं अडखळायला लागतं ते बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात. त्या वयात कसली तोंडी परीक्षा आणि कसलं दडपण? बोलण्याची जुळवाजुळव मेंदू करतो, ती काहींची वेगळी असते. कितीतरी घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं. भीती मागाहून येते, आणि ती आणून देतात तुमच्यासारखे. तो 'क'वर अडकला की मागून खिदळणं. मग पुढच्या वेळी 'क' दिसल्याबरोबर त्याचा घसा आवळतो, आणि आवळलेल्या घशातून शब्द आणखीच निघत नाही.

रोज प्रतिज्ञेला तो तुमच्याच रांगेत असतो. तिथे अडखळलेला ऐकलाय? सगळ्यांबरोबर म्हणताना, गाताना बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. तुम्हांला कसं कळणार? तुमचं लक्ष डबा काय आणलाय याच्यात!

1939 साली अमेरिकेत, आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या काही चांगलं बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगत राहिले, तुमचं बोलणं बिघडलंय, नीट येत नसेल तर बोलूच नका. ती मुलं बोलायलाच बिचकू लागली, वर्गात गप्प झाली. 2001 मध्ये विद्यापीठाने माफी मागितली. तुम्ही तोच प्रयोग या वर्गात फुकट चालवलाय.

आणि मॉनिटर, तू मान डोलावू नकोस. त्याचा शब्द तोंडातून काढून घेऊन आपणच पुरा करायचा, ही मदत? उत्तर त्याला येत असतं. 'सावकाश बोल, घाबरू नको' हेही आजपासून बंद. घाबरू नको म्हटल्याने कुणाची भीती गेलीय आजवर? वाक्य त्याचं आहे, तोच संपवील. तोवर तोंड मिटून ऐकायचं. तास संपला तर संपू दे, पोर्शनचं मी बघीन.

आला वाटतं. आता घोळक्याने 'सॉरी, सॉरी' करत त्याच्याभोवती जमायचं नाही, उगाच कानकोंडा होईल. वाचायचं की नाही, ते मी त्याला एकट्याला विचारीन. बसा. पान 43 काढा.