उजेड कुणासाठी?

काकांना रत्नागिरीहून मुंबईला नेताना घरच्यांनी एवढंच सांगितलं होतं, “आतड्यात गाठ आहे, काढायची.” गुदाशयाचा पुढे गेलेला कॅन्सर आहे, हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. रेडिएशनला आम्ही ‘शेक’ म्हणायचो. डॉक्टरांनाही दारातच सांगून ठेवलं, “त्यांच्यासमोर नाव काढू नका.” सांगणाऱ्यांत मीही होतो.

ऑपरेशनआधी सर्जननी मला आयसीजी समजावलं. इंडोसायनिन ग्रीन. १९५०च्या दशकापासून वापरात असलेला रंग. शिरेतून दिला की तो रक्ताबरोबर फिरतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात चमकतो. कॅमेरा ती चमक पडद्यावर हिरवी दाखवतो. गाठ काढल्यावर आतड्याची जी टोकं जोडायची, तिथे रक्त पोचतंय का, ते कळतं. रक्त कमी पडलं तर सांधा गळू शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. हिरवा पडदा म्हणजे हमी नव्हे. डॅशबोर्ड हिरवा असताना सर्व्हर झोपलेला मीही पाहिलाय. तरी अंदाजाने कापण्यापेक्षा बघून कापलेलं बरं.

हे पटलं, आणि तिथेच अडकलो. मग काकांनीच तेवढं न बघता ठरवायचं?

ठरवण्यासारखं बरंच होतं. सांधा भरेपर्यंत पोटावर पिशवी लागणार होती. जोडता आलंच नाही तर कायमची. फॉर्मवर सही त्यांची होणार होती, माहिती मात्र आमच्याकडे.

आमची भीती खोटी नव्हती. नाव ऐकूनच हाय खाल्लेली माणसं आम्ही पाहिलीत. पण २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात, भूल दिलेल्या मुलीच्या वतीने आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर सज्ञान माणसाच्या शरीराचा निर्णय त्याचाच. आईची माया खरी असली तरी ती संमतीच्या जागी चालत नाही.

सांगायचं म्हणजे सगळं अंगावर ओतायचं, असंही नाही. किती ऐकायचंय, हे आधी विचारता येतं. आदल्या रात्री मी विचारलं.

“शेक कशाला देतात ते मला ठाऊक आहे रे,” काका म्हणाले. “तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही.”

मग त्यांनी विचारलं, पिशवी किती महिने? ती लावून कलमांच्या बागेत जाता येईल का? मला उत्तरं येत नव्हती. मी सर्जनना बोलावून आणलं आणि या वेळी दारात काहीच सांगितलं नाही.